गटारीच्या पिल्लांचा हिशेब : एका अंडी उबवणी केंद्रातील लॉटनिहाय नोंदींचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका मध्यम आकाराच्या ब्रॉयलर कंपनीच्या अंडी उबवणी केंद्राचे आहे. केंद्राची आणि तेथील माणसांची ओळख पटू नये म्हणून नावे व गावे दिलेली नाहीत, आणि आकडे पूर्णांकात, थोडे पुढेमागे करून दिले आहेत. कंपनीचे स्वतःचे ब्रीडर फार्म, म्हणजे उबवणीची अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे फार्म, आहे, तेथील अंडी केंद्रात येतात आणि निघालेली पिल्ले करार पद्धतीने काम करणाऱ्या शेतकऱ्यांच्या शेडवर टाकली जातात. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची असतात. शेड, वीज, पाणी, तूस आणि मेहनत शेतकऱ्याची असते, आणि त्याला तयार पक्ष्याच्या वजनावर किलोमागे संगोपनाचा दर मिळतो. ब्रीडर फार्मची अंडी कमी पडतात तेव्हा कंपनी बाहेरच्या पुरवठादाराकडून उबवणीची अंडी विकत घेते.

केंद्रात आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, अंडी सेटरमध्ये, म्हणजे उबवणीच्या यंत्रात, लावली जातात; यालाच सेटिंग म्हणतात. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागत असल्यामुळे ज्या वारी सेटिंग त्याच वारी हॅच, म्हणजे पिल्ले निघण्याचा दिवस, हा या धंद्यातला सोयीचा योगायोग आहे. पहिले १८ दिवस अंडी सेटरमध्ये असतात. तेथे तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात आणि दर तासाला ट्रे एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलतात. अठराव्या दिवशी ट्रान्सफर होऊन अंडी हॅचरमध्ये, म्हणजे पिल्ले निघण्याच्या यंत्रात, जातात आणि शेवटचे तीन दिवस आडवी, न फिरवता, अधिक दमट हवेत राहतात.

महाराष्ट्रात ब्रॉयलरचे नियोजन पंचांग उघडूनच करावे लागते. आषाढी अमावास्येच्या, म्हणजे गटारीच्या, आठवड्यात मागणी शिगेला पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की ती कोसळते. २०२४ साली गटारी ४ ऑगस्टला, तीही रविवारी आली होती, यापेक्षा चांगला दिवस विक्रेत्याला मागता आला नसता. त्या आठवड्यात साधारण ३८ ते ४० दिवसांचा पक्षी बाजारात हवा असेल, तर पिल्ले २० ते २४ जूनच्या दरम्यान शेडवर पडायला हवीत आणि त्यासाठी अंडी ३० मे आणि ३ जून या दोन सेटिंगमध्ये लागायला हवीत. म्हणजे गटारीचा माल किती असेल, हे सुमारे ६५ दिवस आधी, मे महिन्याच्या कडक उन्हाळ्यात गोळा झालेल्या अंड्यांवर ठरत होते.

अडचण

दोन्ही सेटिंगमध्ये प्रत्येकी ६०,००० अंडी लावली गेली. नियोजन विभागाने नेहमीप्रमाणे ८० टक्के हॅच, म्हणजे शंभर अंड्यांमागे ८० पिल्ले, धरली, दोन्ही मिळून ९६,००० पिल्ले येतील असे गृहीत धरले आणि १८ शेडना तारखा दिल्या. प्रत्यक्षात २० जूनला ४४,००० आणि २४ जूनला ४३,२०० पिल्ले निघाली, म्हणजे ८,८०० पिल्लांची तूट आली.

तूट किती आली यापेक्षा ती कधी कळली, हे जास्त महत्त्वाचे होते. ती हॅचच्या दिवशी पहाटे, पेट्या भरल्या जात असताना कळली. पाच हजारांची एक शेड पूर्णपणे मागे टाकून तिला २७ जूनची तारीख देण्यात आली आणि उरलेली तूट इतर शेडमध्ये वाटून टाकली. ज्या शेतकऱ्याची बॅच पुढे गेली त्याच्या शेडमध्ये आदल्या दिवसापासून पिल्लांना ऊब देणारे गॅस ब्रूडर पेटलेले होते, तुसावर कागद अंथरलेला होता आणि ड्रिंकरमध्ये गुळाचे पाणी भरून ठेवलेले होते. पिल्लांऐवजी त्याला सुपरवायझरचा फोन आला. शिवाय २७ जूनला पडलेला पक्षी गटारीला वजनात कमी भरणार आणि उरलेला माल श्रावणातल्या दराने विकावा लागणार, हे कंपनीलाही दिसत होते.

याच्या जोडीला दुसरी तक्रार आली. १८ पैकी पाच शेडमध्ये पहिल्या आठवड्यातील मरतूक चार टक्क्यांच्या वर गेली, इतर ठिकाणी ती दीड टक्क्याच्या आत होती. कंपनीच्या पशुवैद्यकांनी मेलेली पिल्ले उघडली तेव्हा अनेकांत बलकाची पिशवी जिरलेली नव्हती आणि बेंबीला संसर्ग झालेला होता. ही पिल्ले कोणत्या फ्लॉकची, म्हणजे कोंबड्यांच्या कोणत्या कळपाची, कोणत्या मशीनमधली, किती दिवस साठवलेल्या अंड्यांची, असे त्यांनी विचारले तेव्हा केंद्रात कोणालाही उत्तर देता आले नाही. ब्रीडर फार्मच्या दोन फ्लॉकची आणि बाहेरची अंडी शीतखोलीत एकाच थप्पीत लागत होती, ट्रेमध्ये मिसळत होती, आणि हॅचच्या नोंदवहीत एका ओळीत एकच टक्केवारी लिहिली जात होती. पिल्लांच्या पेट्यांवर तारखेशिवाय काहीही नव्हते.

येथे पहिला निर्णयबिंदू नोंदवून ठेवायला हवा, कारण तो त्या वेळी कोणाला निर्णयबिंदू वाटला नव्हता. १७ जूनला, म्हणजे ३० मेच्या सेटिंगच्या अठराव्या दिवशी, ट्रान्सफर करणाऱ्या कामगारांना क्लिअर अंडी, म्हणजे दिव्यासमोर धरल्यावर आरपार दिसणारी, जीव न धरलेली अंडी, नेहमीपेक्षा बरीच जास्त असल्याचे दिसले होते. त्यांनी ते पाळीच्या मुकादमाला सांगितलेही होते. "पिल्लं निघाल्यावर बघू," असे म्हणून ती गोष्ट तेथेच थांबली. पुढच्या तीन दिवसांत नियोजन विभागाला ती कळली असती तरी पिल्ले वाढली नसती, हे खरे आहे. पण एका शेडमधला गॅस तरी वाचला असता आणि कोणाची बॅच पुढे ढकलायची, याचा विचार घाईघाईत पेट्यांजवळ उभे राहून करावा लागला नसता.

समोर असलेले पर्याय

जूनच्या अखेरीस झालेल्या बैठकीत चार मार्ग चर्चेला आले.

पहिला मार्ग कमी पडतील तेवढी पिल्ले बाजारातून घेण्याचा होता. गटारीच्या आधीच्या हंगामात प्रत्येकालाच पिल्ले हवी असतात, त्यामुळे एकदिवसीय पिल्लाचा दर तेव्हाच चढलेला असतो. शिवाय ज्या ब्रीडरची लसीकरणाची माहिती हाती नाही, त्याची पिल्ले आपल्या पिल्लांबरोबर एकाच शेडमध्ये टाकणे पशुवैद्यकांना मान्य नव्हते. आणीबाणीसाठी हा मार्ग खुला ठेवण्यात आला, त्यापलीकडे नाही.

दुसरा मार्ग केंद्राच्या व्यवस्थापकांनी सुचवला आणि तो सर्वांना लगेच पटण्यासारखा होता. हॅच ७३ टक्के येत असेल तर अंडी दहा टक्के जास्त लावावीत, म्हणजे हिशेब जुळेल. माझ्या मते हा सर्वांत महाग मार्ग होता. जास्तीची अंडी बाहेरूनच येणार होती, आणि नेमकी तीच अंडी कमी उबत असावीत, असा संशय होता. न उबणारे अंडेही सेटरमध्ये जागा अडवते, वीज खाते आणि त्याची खरेदी किंमत बुडते. आणि एखाद्या आठवड्यात हॅच अचानक चांगली आली, तर श्रावणात नको असलेली पिल्ले हातात राहतात.

तिसरा मार्ग संगणक प्रणालीचा होता. एका विक्रेत्याने प्रत्येक ट्रॉलीला बारकोड, हातातले स्कॅनर आणि मोबाईलवर अहवाल असे प्रात्यक्षिक दाखवले होते, आणि ते नीटनेटके होते. परंतु ट्रेमध्येच अंडी मिसळलेली असतील, तर त्या ट्रॉलीचा बारकोड मिसळलेल्या अंड्यांचाच अहवाल देणार होता. आधी अंडी वेगळी ठेवण्याची शिस्त आणि मग यंत्र, हा क्रम उलटा करून चालणार नव्हता.

चौथा मार्ग कागदाचा होता. प्रत्येक लॉटला, म्हणजे एकाच फ्लॉकच्या किंवा एकाच पुरवठादाराच्या अंड्यांच्या गटाला, एक कार्ड, ट्रॉलीवर खडूने खूण, पेटीवर चिठ्ठी, चलनावर लॉटची नोंद, आणि कार्यालयात साधी एक्सेलची शीट. हा मार्ग निवडला गेला. त्याचा खर्च नगण्य होता, हे एक कारण होते. दुसरे कारण असे की श्रावणात सेटिंग कमी असतात आणि नवी पद्धत बसवायला तोच काळ मोकळा मिळतो.

केलेली कार्यवाही

सुरुवात ब्रीडर फार्मवरून झाली. प्रत्येक क्रेटमध्ये फ्लॉक, शेड क्रमांक आणि अंडी गोळा केल्याची तारीख लिहिलेले कार्ड ठेवायचे, आणि दोन दिवसांची अंडी एका क्रेटमध्ये भरायची नाहीत, असे ठरले. बाहेरच्या पुरवठादारालाही अंड्यांच्या ट्रेवर तारीख मागण्यात आली. त्याने आधी टाळाटाळ केली, आणि तारीख नसलेली अंडी गाडीतून उतरवून घेणार नाही, असे सांगितल्यावर ती येऊ लागली.

शीतखोलीत जमिनीवर रंगाने चौकोन आखले आणि प्रत्येक फ्लॉकची जागा ठरवली. तेथे आधी फक्त यंत्राच्या पट्टीवरचे तापमान वाचले जाई आणि ते कायम १७ अंश दिसे. खोलीच्या मध्यभागी कमाल-किमान तापमापक टांगल्यावर पहिल्याच आठवड्यात कमाल २५ अंशांची नोंद झाली. दुपारी वीज गेली की जनरेटरवर सेटर चालत, शीतखोली चालत नसे, आणि त्याच वेळी फार्मची गाडी येऊन दार उघडे राहत असे. अंडे घातले जाते तेव्हा त्यातील गर्भाची वाढ सुरू झालेली असते आणि थंडाव्यात ती थांबून राहते. तापमान २१ ते २४ अंशांच्या पुढे गेले की ती पुन्हा हळूहळू चालू होते. असे चालू-बंद होत राहिलेले गर्भ सेटरमध्ये गेल्यावर पहिल्या काही दिवसांत मरतात. जुलैत ही स्थिती असेल तर मे महिन्यात काय असेल, हे सांगायला तापमापकाची गरज नव्हती. शीतखोली जनरेटरच्या जोडणीवर घेण्यात आली.

सेटिंगच्या वेळी एका ट्रॉलीत एकच लॉट, हा नियम झाला. साठवणुकीच्या प्रत्येक दिवसामागे उबवणीला साधारण एक तास जास्त लागतो, म्हणून जुनी अंडी संध्याकाळी आधी आणि ताजी अंडी काही तासांनी लावायला सुरुवात झाली. ही गोष्ट बेंबीच्या तक्रारीशी थेट जोडलेली होती. ताजी आणि जुनी अंडी एकत्र लावली की पिल्ले निघण्याचा काळ लांबतो. सगळ्यांना एकाच वेळी बाहेर काढावे लागत असल्यामुळे आधी निघालेली पिल्ले हॅचरमध्ये तहानेने सुकतात आणि उशिरा निघालेली ओल्या पिसांनी, उघड्या बेंबीने पेटीत जातात. शीतखोलीतून काढलेली अंडी थेट दमट खोलीत नेल्यास त्यांना घाम येतो आणि कवचाच्या छिद्रांतून जंतू आत शिरतात, म्हणून मधल्या खोलीत काही तास ठेवण्याची सोय केली.

माझ्या मते संपूर्ण बदलात सर्वांत उपयोगी ठरलेले काम म्हणजे दहाव्या दिवसाचे कॅन्डलिंग. प्रत्येक लॉटच्या ट्रॉलीतील वरचा, मधला आणि खालचा असे तीन ट्रे दिव्यावर धरायचे आणि क्लिअर अंडी मोजायची. एवढ्यावर न थांबता ती फोडून पाहायची, हा दुसरा आग्रह होता. उबवणी केंद्रातील अनुभवी माणसांनाही वांझ अंडे आणि लवकर मेलेला गर्भ यांत फरक करण्याचा सराव नसतो, कारण दिव्यासमोर दोन्ही सारखीच दिसतात. फोडल्यावर वांझ अंड्याच्या बलकावर लहान, घट्ट पांढरा, वेड्यावाकड्या कडांचा ठिपका दिसतो. गर्भ धरून मेला असेल तर मोठी फिकट चकती किंवा रक्ताचे कडे दिसते. केंद्रातील एका कामगार ताईंनी दोन सेटिंगमध्येच हे इतके पक्के केले, की पुढे पशुवैद्यकांनाही दुमत असल्यास ट्रे त्यांच्याकडे जाऊ लागला.

पहिल्या नोंदींनी काय दाखवले

लॉटनिहाय नोंद असलेले पहिले सेटिंग ८ जुलैचे होते. श्रावण समोर असल्यामुळे ४२,००० अंडीच लावली होती. २९ जुलैला ३१,१८० पिल्ले निघाली. जुन्या पद्धतीने पाहिले तर ही ७४ टक्के हॅच, आणि नोंदवहीत तेवढीच ओळ आली असती.

कार्डांवरून मात्र तीन वेगळ्या गोष्टी पुढे आल्या. ऐन भरात असलेल्या, सुमारे ४० आठवड्यांच्या पहिल्या फ्लॉकच्या २०,००० अंड्यांपैकी ८५ टक्के उबली होती. सुमारे ६० आठवड्यांच्या जुन्या फ्लॉकच्या १२,००० अंड्यांची हॅच ६९ टक्के होती. बाहेरच्या १०,००० अंड्यांची हॅच ५९ टक्के होती. ८० टक्के हा जो आकडा वर्षानुवर्षे नियोजनात वापरला जात होता, तो यांपैकी एकाही लॉटचा नव्हता.

यापुढचा निर्णय क्लिअर अंडी फोडल्यामुळेच योग्य दिशेला गेला. खरेदी विभागाची खात्री होती की पुरवठादाराकडचे नर म्हातारे झाले आहेत आणि तो वांझ अंडी देतो. फोडलेल्या अंड्यांत उलटे दिसले. वांझ अंडी आपल्याच जुन्या फ्लॉकमध्ये जास्त होती, आणि बाहेरच्या लॉटमधील बहुतेक क्लिअर अंड्यांत गर्भ धरून लवकर मेलेला होता. म्हणजे पुरवठादाराच्या नरांत दोष नव्हता, दोष साठवणुकीत आणि वाहतुकीत होता. तारखा पाहिल्यावर बाहेरची अंडी केंद्रात पोहोचतानाच सहा दिवसांची झालेली असत आणि नंतर येथील शीतखोलीत आणखी चार-पाच दिवस पडून राहत, हेही उघड झाले. आठवड्याच्या पुढे साठवलेल्या अंड्यांची उबवणक्षमता दिवसागणिक घटत जाते, आणि येथे आपलीच शीतखोली त्या घटीत भर घालत होती. पुरवठादार बदलण्याचा जो प्रस्ताव जवळजवळ मंजूर झाला होता, तो थांबवण्यात आला.

जुन्या फ्लॉकमध्ये तरुण नर सोडावेत का, यावरही चर्चा झाली. फ्लॉक काढायला थोडेच आठवडे उरले असताना त्या खर्चाची भरपाई होणार नव्हती, म्हणून तो विचार सोडला आणि त्या लॉटसाठी नियोजनात कमी टक्केवारी धरली. ऑगस्टच्या सुरुवातीला तो फ्लॉक विकला गेला.

चिठ्ठी शेडवर पोहोचल्यावर

पेटीवर लॉटची चिठ्ठी लावण्याचा हेतू पशुवैद्यकांना माग काढता यावा, एवढाच होता. शेतकऱ्यांनी त्या चिठ्ठीचा वेगळा उपयोग केला आणि तो कोणाच्याही डोक्यात आलेला नव्हता.

ऑगस्टमध्ये ब्रीडर फार्मवर तिसरा, नुकताच अंड्यावर आलेला फ्लॉक सुरू झाला. अशा फ्लॉकची अंडी लहान असतात, आणि पिल्लाचे वजन अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश भरते. त्यामुळे ५२ ग्रॅमच्या अंड्यातून ३५ ग्रॅमचे पिल्लू निघते, आणि पहिल्या फ्लॉकच्या ६२ ग्रॅमच्या अंड्यातून ४१ ग्रॅमचे. पूर्वी ही पिल्ले मिसळून जात आणि कोणाला फारसे कळत नसे. आता दोन शेजारी शेतकऱ्यांनी चिठ्ठ्या ताडून पाहिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सुपरवायझरला "आम्हाला पहिल्या फ्लॉकचीच पिल्लं द्या, साहेब," असे फोन येऊ लागले. कोणत्या सुपरवायझरचे नातेवाईक कोणत्या लॉटवर बसले आहेत, याचीही चर्चा सुरू झाली, आणि ती पूर्णपणे निराधार होती असे म्हणता येणार नाही.

व्यवस्थापनातील काहींचे मत चिठ्ठ्या काढून टाकाव्यात, नोंद फक्त कार्यालयात ठेवावी, असे होते. हा या प्रकरणातील दुसरा मोठा निर्णयबिंदू होता. चिठ्ठी काढली असती तर तक्रार बंद झाली असती, परंतु शेतकऱ्याकडून येणारी सात दिवसांची मरतुकीची नोंद पुन्हा कोणत्याही लॉटशी जोडता आली नसती. अखेर चिठ्ठी ठेवली आणि वाटपाची यादी फिरती केली. एखाद्या शेडला एका खेपेला लहान पिल्ले मिळाली, तर पुढच्या खेपेला तिचा क्रमांक मोठ्या पिल्लांच्या बाजूने लागेल, आणि ही यादी सर्व शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर हॅचच्या आधी टाकली जाईल. लहान पिल्लांच्या शेडसाठी ब्रूडिंगचे तापमान पहिले काही दिवस थोडे वाढवण्याची आणि ड्रिंकर खाली लावण्याची सूचना चलनाबरोबर जाऊ लागली. एका शेडमध्ये दोन फ्लॉकची पिल्ले टाकायची नाहीत, हा नियमही तेव्हाच आला. लहान पिल्ले मोठ्यांबरोबर टाकली की खाद्याच्या भांड्याशी मागे पडतात आणि शेवटपर्यंत मागेच राहतात. स्वतंत्र टाकली तर तेवढा त्रास होत नाही. कुरबुर पूर्ण थांबली नाही, पण तिचे रूप बदलले. शेतकरी आता यादीवर बोट ठेवून बोलू लागले.

पेटीतील संख्येचा वाद मात्र याच चिठ्ठीमुळे मिटत गेला. १०० पिल्लांमागे दोन जादा देण्याची केंद्राची पद्धत होती, पण शेडवर मोजताना कधी ९७ भरत, कधी १०४. पिल्ले हाताने, पाच-पाचच्या खेपेने मोजली जातात, आणि पहाटेच्या पाळीत हात चुकतो. चिठ्ठीवर मोजणाऱ्याचा क्रमांक आल्यावर चूक कोणत्या टेबलावर होते, ते दिसले. ती एकाच टेबलावर होत होती आणि तेथे उजेड कमी होता. ट्यूबलाइट बदलण्याइतके ते सोपे निघाले.

१५ ऑगस्टचे सेटिंग

पद्धतीची खरी परीक्षा दसऱ्यानंतरच्या मालाच्या वेळी झाली. नवरात्रात मागणी मंद असते आणि दसरा उलटला की ती उसळते. २०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला होता. त्या हिशेबाने ५ सप्टेंबरची पिल्ले महत्त्वाची होती आणि त्यांची अंडी १५ ऑगस्टला लागली. पहिल्या फ्लॉकची २६,०००, नव्या फ्लॉकची १४,००० आणि बाहेरची १६,००० अशी ५६,००० अंडी होती. शीतखोली सुधारल्यावर आणि तारखेची अट घातल्यावर बाहेरच्या लॉटची हॅच ७४ टक्क्यांपर्यंत चढली होती. त्यामुळे तिन्ही लॉटसाठी अनुक्रमे ८४, ७८ आणि ७४ टक्के धरून ४४,६०० पिल्लांचा अंदाज निघाला आणि ४४,५०० पिल्लांचे वाटप शेडना कळवले गेले.

२५ ऑगस्टच्या कॅन्डलिंगमध्ये बाहेरच्या लॉटची क्लिअर अंडी ३२ टक्के निघाली. अपेक्षा १८ टक्क्यांची होती. फोडल्यावर पुन्हा लवकर मेलेले गर्भ दिसले. चौकशी केल्यावर कळले, की त्या खेपेचा टेम्पो वाटेत बिघडला होता आणि अंडी भर दुपारी रस्त्याच्या कडेला उभी होती. चालकाने हे उतरवून घेताना सांगितले नव्हते, आणि केंद्रातील कोणी विचारलेही नव्हते. क्लिअरनंतर होणारी त्या लॉटची नेहमीची घट आठ टक्के धरून हॅच ६० टक्क्यांवर येईल असा सुधारित अंदाज काढला. त्यामुळे एकूण पिल्ले ४२,३६० येणार होती.

हॅचला तेव्हा ११ दिवस होते. नियोजन विभागाने पाच हजारांच्या एका शेडला त्याच दिवशी ९ सप्टेंबरची तारीख कळवली. त्या शेतकऱ्याने अजून तूसही आणलेला नव्हता आणि चुना मारण्याचे काम बाकी होते, त्यामुळे त्याने फारशी कुरकुर केली नाही. ५ सप्टेंबरला ४२,०५० पिल्ले निघाली. उरलेल्या शेडना कबूल केलेली ३९,५०० पिल्ले पूर्ण गेली, आणि वरची २,५५० ज्या दोन शेडमध्ये जागा शिल्लक होती त्यांना विचारून दिली.

परिणाम

सप्टेंबरनंतरच्या सेटिंगमध्ये दहाव्या दिवसाचा अंदाज आणि प्रत्यक्ष हॅच यांतील फरक बहुतेक वेळा दोन टक्क्यांच्या आत राहिला. एकूण हॅच मात्र ७३-७४ वरून ७८ टक्क्यांपर्यंतच आली. जुना ८० चा आकडा अजूनही गाठला गेलेला नाही आणि बाहेरची अंडी घेत राहिल्यास तो गाठला जाईल असे मला वाटत नाही. तरीही हॅचच्या पहाटे शेडला नकार कळवण्याची वेळ त्या हंगामात पुन्हा आली नाही.

पहिल्या आठवड्यातील मरतूक चार टक्क्यांच्या वर गेलेल्या शेड नंतरच्या काळात तुरळक झाल्या. यात पावसाळा सरून हवा निवळल्याचा वाटा किती आणि सेटिंगच्या वेळा बदलल्याचा किती, हे वेगळे करता येत नाही. शेतकऱ्यांनी कळवलेली मरतूक तंतोतंत असतेच असेही नाही. पहिल्या दोन दिवसांत वाहतुकीची मर वाढवून सांगण्याकडे कल असतो, कारण ती कंपनीच्या खात्यावर जाते.

वेगळे काय करता आले असते

शीतखोलीतला तापमापक हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी करण्याजोगे काम होते. ते कार्डे, चिठ्ठ्या आणि बैठकांच्या नंतर झाले, कारण यंत्रावरचा १७ हा आकडा सर्वांना विश्वासार्ह वाटत होता. मे महिन्याच्या आधी तो टांगला असता, तर ३० मेच्या सेटिंगमधील तुटीचा काही भाग निश्चित टळला असता.

लॉटची शुद्धता हॅचरपर्यंत टिकली, पण प्रतवारीच्या टेबलावर रात्रपाळीत ती अनेकदा सुटली. घाई झाली की दोन ट्रॉलींची पिल्ले एकाच पट्ट्यावर येतात. त्यासाठी लॉटच्या मध्ये टेबल रिकामे करण्याची सक्ती सुरुवातीपासून हवी होती. अशा मिश्र पेट्यांना वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावण्याची सोय डिसेंबरमध्ये झाली. तोपर्यंतच्या मरतुकीच्या नोंदी त्यामुळे थोड्या गढूळ आहेत.

फिरती यादी चिठ्ठीच्या आधी तयार असायला हवी होती. माहिती शेडवर पोहोचली की तिच्यावरून मागणी होणार, हे करार पद्धतीत काम केलेल्या कोणालाही सुचायला हरकत नव्हती.

बाहेरच्या अंड्यांच्या खरेदीचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. पुरवठादार तारीख देतो, गाडी रात्रीच निघेल हेही त्याने मान्य केले आहे, पण अंड्याचा दर हॅचशी जोडण्यास तो तयार नाही. त्याचे म्हणणे असे, की अंडी तुमच्या दारात उतरल्यावर तुमची शीतखोली आणि तुमचा सेटर कसा चालतो, ते मी कसे जाणार. जुलैच्या नोंदी पाहता या बोलण्याला उत्तर देणे कंपनीला अवघड गेले. सध्या उतरवून घेताना प्रत्येक खेपेतील काही अंड्यांचे तापमान मोजून दोघांच्या सहीने चलनावर लिहितात, आणि दहाव्या दिवशी क्लिअर अंडी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली तर तो कागद समोर ठेवून बोलणी होतात.

२०२५ च्या गटारीचे नियोजन करताना आणखी एक बाब पुढे आली. २४ जुलै २०२५ ची अमावास्या गुरुवारी येत होती, आणि गुरुवारी अनेक घरांत मांसाहार होत नाही. त्यामुळे विक्री आधीचा रविवार आणि बुधवार यांत विभागली जाईल असे धरून अंडी २२ मेच्या सेटिंगमध्ये न एकवटता १९ आणि २२ मे या दोन सेटिंगमध्ये वाटली गेली, आणि शेडना पक्क्या तारखा दहाव्या दिवसाच्या कॅन्डलिंगनंतरच देण्याचे ठरले.